गावाची शीव कोण सांगतं?

मेंढा हे गाव कागदावर कधी एकटं येत नाही. ते ‘मेंढा (लेखा)’ असं कंसासकट येतं. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेला लागलं की तीसेक किलोमीटरवर गोंडांचं हे छोटं गाव लागतं. या नावाची गावं आणखीही आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून सरकारनं त्याची ओळख पक्की केली. टपाल चुकू नये एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. पण गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, तुमचं गाव कुठं संपतं? तो लेख्याचं नाव घेऊन थांबणार नाही. तो नाला सांगेल, टेकडी सांगेल, एखादा मोह सांगेल, देवाची जागा सांगेल. पलीकडच्या गावाशी बांबूवरून कधी बोलाचाली झाली होती, तेही सांगेल.

माणूस आणि जागा यांच्यातलं हे नातं भूगोलाचाच विषय आहे. आपल्या शाळेतल्या भूगोलात मात्र तो भेटत नाही. तिथं पर्जन्यमान असतं, पिकं असतात, खनिजं असतात आणि शेवटी रिकाम्या नकाशात नद्या भरायच्या असतात. कोरियातल्या भूगोलाच्या अभ्यासकांनी या नात्याला विद्यापीठात जागा करून दिली. चंद्रपूर-गडचिरोलीत तोच अभ्यास ग्रामसभेत झाला. तो करणाऱ्यांनी त्याला भूगोल म्हटलं नाही, एवढंच.

आधी कोरियाकडे

1751 च्या सुमारास यी जुंग-ह्वान नावाच्या कोरियन पंडितानं ‘थेंग्निजी’ हा ग्रंथ लिहिला. दरबारातल्या गटबाजीत पद गमावून, हद्दपारी भोगून हा माणूस देशभर फिरला होता. त्याचा प्रश्न एकच होता : माणसानं राहावं कुठं? त्यासाठी त्यानं चार कसोट्या लावल्या. जमिनीची ठेवण कशी आहे, पोट भरण्याची सोय काय, तिथल्या माणसांची मनं कशी आहेत आणि जवळपास मन रमेल असे डोंगर-पाणी आहेत का. चारातली एक जरी उणी असली तरी जागा चांगली नाही, असं त्याचं मत. माणसांच्या मनाला त्यानं जमिनीच्या आणि पोटाच्या रांगेत बसवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे गावाचं सर्वेक्षण होतं तेव्हा विहिरी मोजतात आणि गुरं मोजतात. गावाचं मन मोजायला रकाना नसतो.

आपल्या भाषेतही अशा लेखनाची परंपरा आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी कुठं थांबले, कुठं निजले, ती जागा देवळाच्या कोणत्या दिशेला आहे, याची ती बारीक नोंद आहे. तिला आपण धर्मग्रंथांच्या कपाटात ठेवलं. अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी मात्र महाराष्ट्रातल्या नद्या, यात्रा आणि प्रदेशाची कल्पना यांवर लिहिताना अशा साहित्याकडे भूगोल म्हणून पाहिलं.

कोरियातली पुढची मोठी नोंद नकाशाची आहे. 1861 मध्ये किम जोंग-हो यानं ‘देदोंग योजिदो’ हा नकाशा लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापला. घडीच्या 22 वह्या एकाखाली एक मांडल्या की सात मीटरांच्या आसपास उंचीचा देश समोर उभा राहतो. रस्त्यांवर दर दहा ‘री’वर, म्हणजे साधारण चार किलोमीटरवर, खूण आहे, चालणाऱ्या माणसाला अंतर कळावं म्हणून. आणि डोंगर सुटे सुटे नाहीत. उत्तरेच्या बेकदु पर्वतापासून दक्षिणेपर्यंत ते एका अखंड वेलीसारखे काढले आहेत. त्यामागचा नियम सोपा होता : डोंगर पाणी वाटतो, आणि पाणी डोंगर ओलांडत नाही. या वाटणीनंच खोरी ठरतात, खोऱ्यांनी गावं ठरतात, बोलीही ठरतात.

1903 मध्ये कोतो बुन्जिरो या जपानी भूगर्भशास्त्रज्ञानं खडकांच्या रचनेवरून कोरियाच्या डोंगररांगा नव्यानं आखल्या. पुढे जपानी अमलात त्याच पाठ्यपुस्तकात गेल्या आणि जुनी वेल विस्मृतीत गेली. 1980 च्या दशकात जुने ग्रंथ पुन्हा चाळले गेले तेव्हा ‘बेकदु-देगान’ ही डोंगरकण्याची कल्पना लोकांच्या तोंडी परत आली. 2003 मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेनं तिच्या रक्षणासाठी त्याच नावाचा कायदा केला. जुन्या माणसांची एक कल्पना शंभर वर्षांनी कायद्याच्या भाषेत शिरली. हा धागा लक्षात ठेवा, तो आपल्याला धानोरा तालुक्यात पुन्हा सापडणार आहे.

वारा, पाणी आणि लावलेलं जंगल

कोरियन अभ्यासाचा गाभा म्हणजे ‘पुंगसू’, शब्दशः वारा-पाणी. पाठीशी डोंगर, समोर पाणी, दोन्ही बाजूंना कवेत घेणाऱ्या टेकड्या : गावासाठी आणि थडग्यासाठी अशी जागा शोधायची. आपल्या वास्तुशास्त्राच्या जाहिराती आठवून हसू येणं साहजिक आहे, आणि कोरियातही त्याचा धंदा झालाच. पण पुढे सोल राष्ट्रीय विद्यापीठात प्राध्यापक झालेले चोई चांग-जो यांनी 1984 मध्ये पुंगसूच्या विचारावर ग्रंथ लिहून त्याला भूगोलाच्या वर्गात आणलं. युन होंग-गी यांनी बर्कलेच्या विद्यापीठात त्यावर संशोधन केलं. पुढे न्यूझीलंडला शिकवताना त्यांनी माओरी लोकांचं जमिनीशी असलेलं नातंही अभ्यासलं. जमिनीकडे बघण्याची एखाद्या समाजाची जी घडलेली, टिकाऊ दृष्टी असते, तिला त्यांनी ‘भू-मानस’ म्हणता येईल असं नाव दिलं. जागा खरोखर शुभ आहे की नाही हा त्यांचा प्रश्नच नव्हता. लोक ती शुभ मानतात, म्हणून तिथं काय करतात आणि काय करत नाहीत, हे ते पाहत होते.

पुंगसूत एक फार शहाणी सोय आहे. तिला ‘बिबो’ म्हणतात, म्हणजे जागेतली उणीव भरून काढणं. आनदोंगजवळच्या हाहवे गावाला नाकदोंग नदीनं वळसा घातला आहे. गावाच्या नावाचा अर्थच मुळी ‘नदीचं वळण’ असा आहे. पलीकडच्या तीरावर उभा कडा. तो अंगावर येतो म्हणून सोळाव्या शतकात गावातल्या एका विद्वानानं नदीकाठी देवदारासारख्या पाइनचं बन लावलं. कारण सांगितलं गेलं ते जागेतली ऊर्जा सावरण्याचं. बनानं केलं ते वारा आणि पूर अडवण्याचं काम. ते बन आजही उभं आहे.

चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा अशीच वळते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. नदी उलटी वाहते तिथं देव, हे आपल्याकडचं जुनं गणित. म्हणून तिथली दगडी मंदिरं आणि महाशिवरात्रीची जत्रा. हाहवेचं वळण कोरियन भूगोलाच्या पुस्तकात आहे. मार्कंड्याचं वळण आपल्याकडे पर्यटनाच्या घडीपत्रकात आहे.

एका जंगलाचे दोन नकाशे

चांदा, म्हणजे तेव्हाच्या चंद्रपूर, जिल्ह्याची पहिली नीट जमीनबंदोबस्ताची नोंद मेजर लुसी स्मिथ यांच्या 1869 च्या अहवालात सापडते. त्यात गावं, मालगुजार, जमीनदाऱ्या, पिकं, तलाव सगळं आहे. त्याच सुमारास, 1865 आणि 1878 च्या कायद्यांनी, जंगल सरकारच्या राखणीत जाऊ लागलं. जमीनदाऱ्यांतली जंगलं 1951 मध्ये जमीनदारी गेल्यावर सरकारकडे आली. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचं क्षेत्र 14,412 चौरस किलोमीटर आणि त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाचा.

वनखात्याच्या नकाशात हे जंगल कक्ष क्रमांकांत कापलेलं असतं. कक्षाला आकडा असतो, त्यात किती साग, किती बांबू, कोणत्या वर्षी तोड, याचा हिशेब असतो. हा नकाशा खोटा नाही. तो लाकडाचा नकाशा आहे. त्याच कक्षात गावाच्या मते चार वेगळ्या जागा असू शकतात : मोह वेचायची, गुरं बसवायची, मेलेल्यांना ठेवायची आणि जिथं संध्याकाळनंतर कुणी जात नाही ती.

मध्य प्रांताच्या जुन्या दप्तरात या दुसऱ्या नकाशाचे तुकडे शिल्लक आहेत. ‘निस्तार पत्रक’ म्हणजे सरपण, बांबू, चराई, माती-मुरूम यांवर गावाचा वापर कुठं आणि किती, याची नोंद. ‘वाजिब-उल-अर्ज’ म्हणजे वाट, पाणी, मासेमारी वगैरे बाबतींतल्या गावच्या रिवाजांची नोंद. निस्तार हा शब्द गडचिरोलीच्या खेड्यात आजही कोर्टाचा वाटत नाही, घरचा वाटतो. उर्वरित महाराष्ट्रात तो समजावून सांगावा लागतो.

कोरियातही असंच घडलं. तिथं जोसोन राजवटीच्या उत्तरार्धात गावोगावी ‘सोंग्ये’ नावाच्या मंडळ्या होत्या. पाइनचं जंगल राखायचं, सरपणाचे दिवस ठरवायचे, चोरून तोडणाऱ्याला दंड करायचा, हे त्यांचं काम. जपानी राजवटीनं 1910 नंतर आधी जमीन मोजली, मग जंगल मोजलं, आणि ज्याचा कागद नाही ते बरंचसं सरकारजमा केलं. दोन्हीकडे परक्या राजवटीनं विचारलं ते, जंगल कुणाच्या नावावर आहे? लोक उत्तर देत होते ते, आम्ही तिथून काय आणतो. प्रश्न आणि उत्तर जुळले नाहीत.

तेराव्या नियमातली प्रश्नावली

2006 च्या वनहक्क कायद्यानं प्रश्न बदलला. कायद्यात ‘सामूहिक वनसंपत्ती’ची व्याख्या आहे ती गावाच्या पारंपरिक किंवा रूढीनं चालत आलेल्या सीमेतलं सामायिक जंगल अशी. म्हणजे सीमा कोण सांगणार, तर गाव. 1 जानेवारी 2008 पासून नियम लागू झाले आणि त्यातला तेरावा नियम पुराव्यांचा आहे. वकील तो वकिलासारखा वाचतात. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो भूगोलाच्या क्षेत्रभेटीची प्रश्नावली वाटला, आणि अजूनही तसाच वाटतो.

बघा ना. गॅझेटियर, जनगणना, बंदोबस्त अहवाल, उपग्रहचित्रं हे नेहमीचे पुरावे त्यात आहेतच. पण त्यांच्याबरोबर मान्य केलेल्या गोष्टी अशा : पारंपरिक चराईची जागा, कंदमुळं, चारा, रानफळं गोळा करण्याच्या जागा, मासे धरण्याच्या जागा, माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याची ठिकाणं, औषधी वनस्पती आणायचा भाग, देवाची झाडं, देवराया, पवित्र तळी आणि नदीकाठ, दफनाच्या किंवा दहनाच्या जागा, गावानं पूर्वी बांधलेल्या बांधकामांचे अवशेष. वंशावळही चालते. आणि ज्यानं दावा केलेला नाही अशा वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं.

शेवटची गोष्ट फार मोठी आहे. ज्या म्हाताऱ्याला लिहिता येत नाही त्याची आठवण गॅझेटियरच्या शेजारी पुरावा म्हणून बसली. शिवाय, दोन गावांनी एकाच जागेवर हक्क सांगितला तर दोन्ही ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून तोड काढायची, असंही नियमात आहे. त्यामुळे 2008 नंतर या दोन जिल्ह्यांत शेकडो गावांच्या वनहक्क समित्या शिवेवरून चालल्या. जीपीएसचं यंत्र एकाच्या हातात आणि वाट दुसऱ्याच्या डोक्यात. नाल्यापाशी पलीकडच्या गावची माणसं उभी. गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे सामूहिक हक्क मिळाले. इतक्या मोठ्या प्रमाणावर गावांनी स्वतःची हद्द स्वतः सांगितल्याचं दुसरं उदाहरण महाराष्ट्रात नाही.

मेंढ्याचा अभ्यासगट

मेंढ्याला शिवेचं हे उत्तर पटकन देता आलं, कारण त्याचा अभ्यास आधीच झाला होता. 1980 च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणं ठरली होती. त्यांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. लालश्यामशहा महाराज आणि बाबा आमटे त्यात पुढे होते. धरणं थांबली. बुडणार म्हटल्यावर माणसं आपली जागा मोजायला लागतात. काय काय बुडेल याची यादी करताना गावागावांना आपल्याकडे काय आहे ते दिसलं.

त्यानंतर ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि मेंढ्याचे देवाजी तोफा यांच्या साथीनं गावात जे सुरू झालं, त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गावात दोन बैठका असतात. ग्रामसभा निर्णय घेते आणि तोही सर्वसहमतीनं; बहुमताचे हात मोजले जात नाहीत. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो फक्त विचारतो, वाचतो, मोजतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावून ऐकतो. कायदा काय म्हणतो, बांबू किती वर्षांत वाढतो, मोहोळ कसं काढायचं, यावर तो बसतो. अभ्यासाला निर्णयाची घाई नसली की माणसं खरं बोलतात, हे या मांडणीतलं शहाणपण.

आग्या मोहोळाचं उदाहरण घ्या. पूर्वी धूर-जाळ करून पूर्ण पोळंच उतरवायचे आणि माशा मरायच्या. गावानं तपासून पद्धत बदलली. अंगभर संरक्षक कपडे घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि बाकी पोळं तसंच ठेवायचं. कोणत्या झाडावर, कोणत्या कड्यावर मोहोळ बसतं ही माहिती गावाकडे होतीच. ती लिहिली गेली, मोजली गेली, मग नियम झाला.

2009 मध्ये मेंढ्याला आणि शेजारच्या मर्द्याला सामूहिक वनहक्क मिळाले. देशातल्या पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या वाट्याला आलेलं जंगल सुमारे 1,809 हेक्टर. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर बांबू गवत की झाड, यावर सरकारी खात्यांत कीस पाडला जात होता. गावाला तो प्रश्न कधी पडला नव्हता. 2013 मध्ये गावानं ग्रामदान स्वीकारलं, म्हणजे वैयक्तिक शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचं ठरवलं.

मेंढ्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. पुण्याच्या ‘कल्पवृक्ष’ संस्थेनं 2001 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे पुस्तक लिहिलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तर राज्यभर गेली. घोषणेमागे शीव चालून पाहण्याची कितीतरी वर्षं आहेत, ती मात्र घोषणेबरोबर गेली नाहीत.

पाचगावनं पानं सोडली

मेंढ्याचीच कथा सगळे सांगतात, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. गोंडपिपरी तालुक्यातल्या या छोट्या गावाला 2012 मध्ये सुमारे 1,006 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. हक्क आल्यावर गावानं आधी नियम केले, लांबच लांब बैठका घेऊन, शंभराहून जास्त. त्यातला एक ऐकणाऱ्याला चकित करतो : तेंदूपत्ता तोडायचा नाही.

उन्हाळ्यात तेंदूची फळी, म्हणजे पानं गोळा करायचं केंद्र, लागते तेव्हा या पट्ट्यात घराघरात रोख पैसा येतो. तो सोडणं म्हणजे चेष्टा नाही. गावाचं कारण असं की पत्ता चांगला फुटावा म्हणून फांद्या छाटतात, रानाला आग लावतात, आणि मग तेंदूला फळ धरत नाही. फळ माणसं खातात, पाखरं खातात, अस्वल खातं. गावानं बांबूवर कमाई करायची ठरवली आणि पानं सोडली. शिवाय सुमारे 34 हेक्टरांचा एक तुकडा हात न लावता राखायचा ठरवला. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावविषयी आवर्जून लिहिलं. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला होता. इथं त्यांना नवी देवराई जन्मताना दिसली.

सोंग्येचे नियम आणि पाचगावचे नियम शेजारी ठेवले तर फार फरक दिसत नाही : कधी जायचं, किती आणायचं, राखणीची पाळी कुणाची, चुकलं तर दंड किती. फरक आहे तो काळाचा. सोंग्येचे कागद कोरियन अभ्यासक संग्रहालयात वाचतात. पाचगावचा नियम करणारी माणसं अजून राखणीला जातात.

नावं आणि देव

माणूस जागेशी आधी नावानं बांधला जातो. ‘झाडीपट्टी’ हा शब्दच बघा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून होणारा हा प्रदेश कोणत्याही सरकारी राजपत्रात नाही. तो धानाच्या बांधीत आहे, झाडीबोलीत आहे, दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर रंगणाऱ्या नाटकांत आहे. देसाईगंज-वडसा ही त्या नाटकांची राजधानी. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश केला. भूगोलाचं पुस्तक म्हणून तो कुणी उघडत नाही, पण उघडावा. जिथं पाण्याला शब्द जास्त तिथं पाण्याशी व्यवहार जास्त. इथं तलाव वेगळा आणि बोडी वेगळी. मालगुजारांच्या काळातल्या तळ्यांना सरकारी कागद ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतो आणि लोक मायेनं ‘मामा तलाव’.

गोंडीत पाण्याला ‘येर’ म्हणतात, गावाला ‘नार’. भामरागड-एटापल्लीकडच्या नकाशावरची पुष्कळ नावं मराठी कानाला निरर्थक वाटतात ती यामुळे. महसुली नोंदीत ती कारकुनाच्या कानावर पडली तशी उतरली. नाव बिघडलं की त्यातली टेकडी किंवा पाणी पुसलं जातं.

गोंडांचं कूळ देवांच्या संख्येनं ओळखलं जातं : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. कुळाला झाड किंवा प्राणी राखायचा असतो आणि देवाला ठिकाण असतं. म्हणजे वंशावळ आणि भूगोल एकाच गोष्टीची दोन टोकं झाली. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. दरवर्षी जानेवारीच्या सुमारास आसपासच्या इलाख्यातली माडिया आणि गोंड माणसं यात्रेला जमतात. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि तिथं आज खाण चालते. खाणीबद्दल मतं वेगवेगळी आहेत, रोजगाराची बाजूही आहे. पण भूगोलाच्या दृष्टीनं एक गोष्ट स्वच्छ आहे : ‘पर्यायी जागा’ हा शब्द शेताला लागू पडतो, घराला पडतो, डोंगरातल्या देवाला पडत नाही.

जागा सुटल्यावर

ताडोबाचं नावच एका माणसाचं आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झालेल्या झटापटीत मेला, त्याचा देव झाला, तळ्याकाठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, अशी तिथली कथा. 1955 मध्ये तिथं राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 मध्ये अंधारीसह व्याघ्रप्रकल्प. गाभ्यातल्या बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांचं पुनर्वसन झालं. देव आत राहिला, माणसं बाहेर गेली. बाहेर शाळा जवळ आली, रस्ता आला, वाघाची भीती काहीशी कमी झाली. परत जायचं का असं विचारलं तर तरुण पोरं बहुधा नाही म्हणतील. तरी जुन्या जागेचं दुखणं वेगळं असतं, आणि ते भरपाईच्या तक्त्यात बसत नाही.

कोरियात या दुखण्याचा वेगळा अभ्यास झाला आहे. 1973 मध्ये सोयांग नदीवरचं मोठं धरण पूर्ण झालं आणि मागची खोरी पाण्याखाली गेली. अशा बुडालेल्या गावांतल्या लोकांना तिथं स्वतंत्र शब्द आहे, ‘सुमोलमिन’. जलाशयाकाठी उंचावर जागा राखून, दगडावर गावाची नावं कोरून, सणाला तिथं जमायची रीत पडली. घर परत मिळत नाही, नाव मिळतं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्दच्या पाण्याखाली किंवा चंद्रपूरच्या कोळसा खाणींखाली गेलेल्या गावांसाठी असा एखादा दगड उभा करायला फार खर्च येणार नाही.

या अभ्यासात काय चुकतं

पहिली चूक भाबडेपणाची. आदिवासी म्हणजे निसर्गाचा पुजारी, असं एकदा ठरवलं की विचारणं थांबतं. रानाला आग लावणारेही गावचेच होते. पाचगावनं ते आधी कबूल केलं, म्हणून नियम झाला.

दुसरी चूक, बैठकीत बोलतो त्याचाच नकाशा काढण्याची. मोह, टोरी (मोहाचं बी), रानभाज्या, कंद यांच्या जागा बाईला जास्त माहीत असतात, कारण पहाटे टोपली घेऊन तीच जाते. शीव पुरुष सांगतात आणि शिवेच्या आत काय आहे ते बायका सांगतात. दोघांनाही विचारलं नाही तर नकाशा अर्धा राहतो.

तिसरी अडचण सोडवायला कठीण आहे. रूढीची सीमा लवचीक असते. दुष्काळात शेजारच्या गावाला आपल्या रानात येऊ देतात, सोयरीक असली तर आणखी सूट. तीच सीमा जीपीएसच्या बिंदूंनी कागदावर आली की ताठ होते. हक्क मिळवण्यासाठी रेघ लागते आणि रेघ आली की थोडा शेजारधर्म जातो. म्हणूनच दोन गावांच्या समित्यांनी एकत्र बसण्याचा नियम मला या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. माडिया गोंडांसारख्या विशेष असुरक्षित समूहांसाठी याच कायद्यात अख्ख्या अधिवासाचा हक्क सांगितला आहे. तिथं एका गावाच्या रेघेऐवजी पूर्ण इलाख्याचा विचार करता येतो.

फाईल कुठं आहे?

सामूहिक दाव्याची प्रत्येक फाईल उघडली तर तिच्यात काय सापडेल? सीमेचा नकाशा, त्यावरच्या ओळखीच्या खुणा, म्हाताऱ्यांची निवेदनं, देवांच्या जागा, पाण्याची ठिकाणं, शेजारच्या गावांची संमती, जुन्या निस्तार पत्रकाची नक्कल. यी जुंग-ह्वान एकटा फिरला आणि त्यानं एक ग्रंथ लिहिला. इथं गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाचं एकेक प्रकरण लिहून ठेवलं आहे. फक्त ते ग्रंथाच्या रूपात नाही. ते गाठोड्यांत बांधलेलं आहे, उपविभागीय आणि जिल्हा समित्यांच्या दप्तरात. मंजुरीचा शिक्का पडला की ते पुन्हा उघडायचं कुणाला कारण उरत नाही. ज्यांची निवेदनं त्यात आहेत त्यांतले बरेच म्हातारे आता नाहीत.

2011 पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे, दोन्ही जिल्ह्यांसाठी. भूगोलाच्या, समाजशास्त्राच्या, मराठीच्या विद्यार्थ्याला प्रबंधाला विषय हवा असतो. एका तालुक्याच्या फायली वाचून, ग्रामसभेची परवानगी घेऊन, त्यातल्या जागांची नावं मूळ गोंडी-माडिया उच्चारांसह लिहून काढणं, हा विषय कुणी तरी घ्यावा.

आणि तुमचं गाव या दोन जिल्ह्यांतलं असेल, तर येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या दाव्याची पूर्ण प्रत, म्हाताऱ्यांच्या निवेदनांसकट, गावात आहे का? नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाचं शुल्क दहा रुपये.